मोतीराणीचं रडणं

"ताई, राणी जरा बारीक करा की."

जयसिंगभाऊ थोरबोले माझ्या टेबलावर पसरलेल्या चित्राकडे मान वाकडी करून बघत होते. मागे मंडळाचा सचिव पोपट हाताची घडी घालून उभा होता. भाऊंची मान ज्या बाजूला जाईल, त्या बाजूला त्याचीही जात होती.

"कुठून बारीक करू?" मी विचारलं.

"कुठनं म्हंजे... आता हे मी काय सांगायचं? सगळीकडनंच करा. आन् हा चष्मा काढा. राणीला चष्मा कुठं असतोय?"

"पन्नाशीला आली की राणीलाही सुईत दोरा ओवता येत नाही, भाऊ."

"आवो पण पन्नाशीची कशाला? राणी म्हंजे कशी, वीस-बाविशीची पायजे. उद्घाटनाला पक्षाचे सायेब येणार हायत."

"साहेबांचं वय काय?"

"अडुसष्ट."

"मग पन्नाशीची त्यांना लहानच वाटेल."

पोपटला हसू फुटलं. भाऊंनी वळून पाहिलं, तसा तो खोकला.

मी चित्रकथा काढते. आमच्या कृष्णाकाठच्या तालुक्याच्या गावात ह्याला काम म्हणत नाहीत. "उल्का ना? घरीच असते, चित्रंबित्रं काढते," असं म्हणतात. ह्या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं होत आली. तेव्हा माझी एक मालिका लोकांच्या मोबाइलवर बरीच फिरत होती. कल्पना साधीच होती. गोष्टी सगळ्या लग्नापाशी संपतात. राजकन्या सुखाने नांदू लागली, झालं, निजा आता. तर पुढे तीस वर्षांनी ह्या बायांचं काय झालं, ते मी काढत होते. राक्षसाच्या गुहेतून सोडवून आणलेली राजकन्या गुडघ्याला पट्टा बांधून भाजी निवडते आणि शेजारणीला सांगते, "राक्षस निदान स्वतःचं ताट स्वतः उचलायचा." हसली की जिच्या तोंडून फुलं सांडतात, तिनं हसणं सोडलंय, कारण फुलं झाडायलाही तीच. बायकांना ही चित्रं आवडली. पुरुषांना त्यातली चित्रकला कच्ची वाटली. एका काकांनी तर खाली लिहिलं, "ताई, आपलं लग्न झालं आहे का?" झालं होतं, आणि मोडलंही होतं. पण ते काकांना कशाला सांगा!

त्यातलीच एक मोतीराणी. रडली की हिच्या डोळ्यांतून मोती पडतात. गोष्टीतला राजा तिच्यावर बघताक्षणी भाळतो. का भाळतो, हे कुणी विचारत नाही. माझ्या चित्रात ती पन्नाशीची होती, अंगानं भरलेली, चष्मेवाली. सोफ्यावर बसलीय आणि घरचे सगळे रांगेत उभे. नवऱ्याला गाडी बदलायचीय, थोरल्याला दुकान टाकायचंय, सासूला काशीला जायचंय. आणि सगळे लाडानं म्हणतायत, "जरा रड ना गं." हिचं रडं मात्र आटलेलं.

ह्या मोतीराणीवर जयसिंगभाऊंचं मन बसलं. ते वीर झुंजार तरुण मंडळाचे अध्यक्ष. मंडळातला सगळ्यात तरुण माणूस म्हणजे पोपट, आणि पोपटला सून आली होती. त्या वर्षी गणपतीच्या देखावा स्पर्धेला विषय होता 'स्त्रीशक्ती'. त्यातून दिवाळीनंतर नगरपालिकेची निवडणूक, आणि भाऊंचा वॉर्ड सलग दुसऱ्यांदा बायकांना राखीव निघालेला. मागच्या खेपेला भाऊंनी बायकोला उभं केलं होतं. निवडून आल्या सौ. मालन जयसिंग थोरबोले, आणि नगरसेवक झाले जयसिंगभाऊ. सभेला हे, भूमिपूजनाला हे, फ्लेक्सवर कमरेपर्यंत हे. खाली कोपऱ्यात पासपोर्टएवढ्या मालनवहिनी, डोक्यावर पदर. संपर्कासाठी नंबर अर्थात ह्यांचा.

"स्त्रीशक्ती म्हंजे काय, तर त्याग," भाऊ मला समजावू लागले. "प्रजेचं दुःख बघून राणी रडतीय. डोळ्यांतनं मोती पडत्यात. राजा ते मोती गोरगरिबांना वाटतोय. हलता देखावा करायचा. मोटर लावून थर्माकोलच्या गोळ्या पाडायच्या. पोपट, व्हतंय का न्हाई?"

"व्हतंय की."

"म्हणजे रडणार राणी आणि वाटणार राजा?" मी म्हटलं.

"मग? राणीला वाटपातलं काय कळतंय?"

कमरेवरून आमची चांगलीच जुंपली. मी स्पष्ट सांगितलं, राणीची कंबर बोटभरही कमी होणार नाही, हवी तर दुसऱ्या कुणाकडून काढून घ्या. दुसरं कुणी गावात नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. शेवटी तोड निघाली. राणी माझ्या मनासारखी, राजा त्यांच्या मनासारखा.

"राजाला तोंड माझं द्या," भाऊ म्हणाले.

"तुमचं?"

"मग काय पलीकडच्या मंडळाच्या अध्यक्षाचं देणार? मिशी तेवढी नीट काढा." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मिशी होतीच बघण्यासारखी. दोन्ही टोकं गालांवर चढलेली. रोज सकाळी तिला लोणी लावतात, असं पेठेत बोललं जायचं.

"काढते की. केस न् केस काढते," मी म्हणाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा ते मलाही कळलं नव्हतं.

मिशीचा अभ्यास करायला मी त्यांच्या घरी गेले. भाऊ बाहेर होते. दार उघडलं एका बाईनं, आणि मी उंबऱ्यातच थबकले. अंगानं भरलेली, पन्नाशीला टेकलेली, चष्मा नाकावर घसरलेला. आईशप्पथ सांगते, मी ह्या बाईला त्याआधी फक्त फ्लेक्सच्या कोपऱ्यात पाहिलं होतं, आणि तिथं चष्मा नव्हता.

"या की आत. हे येतीलच," मालनवहिनी म्हणाल्या.

चहा टाकेपर्यंत दोन बायका दाराशी येऊन गेल्या. दोघींचं एकच म्हणणं, नळाला चार दिवस पाणी नाही. दोघींना वहिनींनी एकच उत्तर दिलं, "थांबा, ह्यांना विचारते." मग आतला फोन वाजला. वहिनींनी तो कानाला लावला आणि म्हणाल्या, "हे बाहेर गेल्यात. आल्यावर करायला सांगते." फोन ठेवून त्या माझ्यासमोर बसल्या. मी मोबाइलवर त्यांना मोतीराणी दाखवली. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिली.

"अगं बया! ही तर मीच की."

"मी तुम्हाला पाहिलंच नव्हतं, वहिनी."

"मग तर जास्तच झालं." त्या हसल्या. "हिचं रडं का आटलं ओ?"

"मलाही ठाऊक नाही. काढता काढता आटलं."

"मला ठाऊक हाय," त्या म्हणाल्या, आणि बशी पुढं सरकवली. "खा, घरची चकली हाय. मी एकदा गेले होते पालिकेच्या सभेला. निवडून आल्यावर, पहिल्याच महिन्यात. नवी साडी नेसून. शिपाई म्हणाला, वहिनी, भाऊ न्हाई आले? आन् मला बाहेरच्या बाकावर बसवलं. चहा दिला. आत माझ्या खुर्चीवर हे. सही करायची असली की पोपट कागद घिऊन घरी येतोय. काय लिवलंय ते वाचायच्या आत पान उलटतोय."

"मग ह्या वेळी उभ्या राहू नका."

"तसं म्हटलं मी ह्यांना. एक तर खुर्चीवर मी बसणार, न्हाईतर मी उभीच ऱ्हाणार न्हाई."

"काय म्हणाले?"

"हसले. म्हणाले, खुर्ची कशाला पायजे, घरी सोफा हाय की." वहिनींनी चकलीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "आन् मी न्हाई म्हटलं तर धाकट्या जावंला उभी करतील. ती बिचारी रिक्षावाल्याला थांब म्हणायला लाजतीय. तिला तर बाकडं बी मिळायचं न्हाई. उल्काताई, मला एकदाच लोकांशी बोलायचंय बघा. थेट. मधी हे नकोत, पोपट नको. एकदा बोलले की मग बघू दे खुर्ची कशी मिळत न्हाई ते."

"मग बोला की."

"कुठं बोलू? माइक लावला की ह्यांच्याच हातात असतोय."

जगाला बायकांचं दुःख काढून दाखवणारी मी, चकली खात बसले.

माइक त्यांच्या हातात दिला तो खुद्द भाऊंनीच. देखाव्याला आमच्याकडे निवेदन लागतं, टेप केलेलं, घुमणाऱ्या आवाजात. आटपाट नगर होतं, वगैरे. राणीच्या आवाजाला कोल्हापूरची बाई फार मागत होती, तेव्हा भाऊंना कल्पना सुचली. राणीचा आवाज सौ.चा! निवडणुकीच्या तोंडावर घराघरात आवाज पोचेल. बोलायचं काहीच नव्हतं. दोन-चार हुंदके, मग "महाराज, माझ्या प्रजेला वाचवा हो!" आणि पुन्हा हुंदके.

"रडायचंच हाय," भाऊ म्हणाले. "तेवढं येतंय तिला."

रेकॉर्डिंग होतं बेंजो पार्टीवाल्या अरुणच्या खोलीत. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्यानं भिंतींना गाद्या ठोकल्या होत्या, त्यातली एक पाळण्यातली होती. भाऊ फ्लेक्सच्या गडबडीत, म्हणून वहिनींबरोबर पोपट आणि मी गेलो. वहिनी माइकसमोर उभ्या राहिल्या. अरुणनं बोट वर केलं. वहिनींनी तोंड उघडलं, आणि त्यातून उचकीसारखं काहीतरी आलं.

"वहिनी, दुःख पायजे," पोपट म्हणाला. "काय तरी वाईट आठवा की."

वहिनींनी पोपटकडेच बघितलं. तरी रडू येईना. दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा केलं. शेवटी तर हुंदका काढता काढता त्यांना हसूच आलं. पोपट कांदा आणायला निघाला.

"कांदा नको," वहिनी म्हणाल्या. "माणसं बघत असली की मला रडायला येत न्हाई. तुम्ही दोघं जरा च्या पिऊन या. मी आन् अरुण करतो."

पोपटला चहाचं निमित्त पुरलं. कोपऱ्यावरच्या टपरीवर त्यानं मला मंडळाचा बावीस वर्षांचा इतिहास ऐकवला. दुसरा कप संपता संपता वहिनी खोलीच्या दारात दिसल्या. पदर खोचून घाम पुसत होत्या.

"झालं का?" पोपटनं विचारलं.

"झालं. एका दमात."

"रडलात?" मी विचारलं.

"सगळं बाहेर काढलं बघा."

मी आत डोकावले. अरुण वायरी गुंडाळत होता. माझ्याकडे बघेचना. "चांगलं झालं ना रे?" म्हटलं, तर म्हणाला, "ताई, माझी आई रोज दोन गल्ल्या ओलांडून पाणी आणती." मला वाटलं, हा काय बरळतोय!

संध्याकाळी मंडळाच्या ऑफिसात टेप ऐकायला सगळे जमले. मीही होते. आता तुम्ही म्हणाल, मग सगळं तिथंच उघडं पडलं असेल. तुम्हाला आमची मंडळं ठाऊक नाहीत. पोपटनं टेप लावली ती सरळ शेवटापासून, कारण शेवटी आभाराची नावं असतात. "विशेष सहकार्य" मध्ये दूध डेअरीच्या चेअरमनचं नाव सोसायटीच्या चेअरमनच्या आधी आलं होतं. अरे बापरे! फोन झाले. अरुणला उठवून आणलं. नावं फिरवून पुन्हा रेकॉर्ड केली. मग पतसंस्थेचे व्हाइस चेअरमन राहिलेत असं निघालं. पुन्हा अरुण. तिसऱ्या खेपेला सगळी नावं मानाप्रमाणे लागली, आणि सर्वांत शेवटी, प्रतिध्वनीसकट, "संकल्पना आणि मार्गदर्शन, मा. जयसिंगभाऊ थोरबोले... बोले... बोले!" भाऊंनी डोळे मिटून ते दोनदा ऐकलं.

"सुरुवात नाही का ऐकायची?" मी विचारलं. खरंच सहज विचारलं.

"सुरुवातीला काय हाय? बायकूचं रडणं. ते काय ऐकायचं ताई, पंचवीस वर्षं ऐकतोय."

सगळे हसले. टेप खोक्यात गेली.

मोटरची चाचणी झाली ती पडदा लावून आणि आवाज बंद ठेवून. पलीकडच्या मंडळाचे लोक पान खायच्या निमित्तानं घिरट्या घालत होते, त्यांना काही कळायला नको. मुक्या देखाव्यात माझा राजा हात वर-खाली करत होता, मिशी केस न् केस, आणि माझी राणी चष्म्याआडून थर्माकोलचे मोती गाळत होती. थर्माकोल दमट हवेनं जरा चिकटत होतं. बाकी फर्स्ट क्लास.

उद्घाटनाला साहेब वेळेवर आले, म्हणजे दोन तास उशिरा. वाट बघून बघून पेठ तुडुंब भरली होती. बायका पुढे, सतरंजीवर. व्यासपीठावर साहेब, त्यांच्या उजव्या हाताला भाऊ, फेटा बांधून. वहिनींना मागच्या रांगेत खुर्ची होती. मी खाली मोटरच्या बाजूला उभी होते. साहेबांनी कळ दाबली. पडदा सरकला.

"अगं बया, ही तर मालन!" सतरंजीवरून एक म्हातारी ओरडली. "आन् ह्यो राजा बघ, जयसिंग!"

खसखस पिकली. भाऊ हात जोडून उभे राहिले आणि चारी दिशांना नमस्कार करून बसले.

अरुणचा आवाज घुमला. "आटपाट नगर होतं! तिथं एक राजा होता! त्याची राणी रडली की मोती पडत!" मोती पडू लागले. टाळ्या झाल्या. भाऊंनी साहेबांच्या कानाशी वाकून सांगितलं, "आता सौ.चा आवाज." आणि आवाज आला. हुंदका नव्हता. घरात बोलावं तसा साधा आवाज होता.

"बायांनो, मी मोतीराणी. मला आज रडायला सांगितलंय. मी काय रडणार न्हाई. माझं रडं कवाच संपलं."

त्याच क्षणी थर्माकोल नळीत अडकलं आणि मोती थांबले. खरंच अडकलं, देवाशप्पथ, माझा काही हात नव्हता. पण लोकांनी जी टाळी दिली म्हणता! ती कलाकार म्हणून मी आजतागायत स्वीकारत आले आहे.

"माझ्या रडण्यावर ह्या राजाचा बंगला झाला," राणी सांगत होती. "गाडी झाली. मिशीला पीळ आला. तुम्ही माझ्याकडं पाणी मागायला आलात, मी म्हटलं, थांबा, राजाला विचारते. राजा म्हटला, बघू. बघू-बघू म्हणत पाच वर्षं गेली. चूक माझी हाय. मतं तुम्ही मला दिली, मग मी त्याला कशाला विचारायचं?"

चित्रातला राजा मोटरच्या लयीत हात वर-खाली करत होता. खरा राजा जागचा हलत नव्हता. पोपट कळीकडे धावला.

"ए, थांब रं!" साहेब म्हणाले. "ऐकू दे."

"तर राजाला विचारणं बंद," राणी म्हणाली. "उद्यापासनं नळ, गटार, रस्त्यावरचा दिवा, काय असंल ते मला सांगायचं. माझा फोन नंबर देते, घ्या. पेन न्हाई म्हणू नका, मोबाइल काढा. दोनदा सांगते, सावकाश."

आणि दिला! एकेक आकडा सुटा करून, दोनदा. तोवर तो नंबर ठाऊक होता वहिनींच्या बहिणीला आणि गॅसवाल्याला. सतरंजीवर दिवे लागल्यासारखे मोबाइल उघडले. ज्यांच्याकडे नव्हता त्या शेजारणीला म्हणत होत्या, "माझ्यात बी घाल की गं." पुढे नावं सुरू झाली. डेअरीचे चेअरमन, सोसायटीचे चेअरमन, पतसंस्थेचे व्हाइस चेअरमन, सगळे मानाप्रमाणे. आणि सर्वांत शेवटी, भाऊंनी डोळे मिटून दोनदा ऐकलं होतं ते, "संकल्पना आणि मार्गदर्शन, मा. जयसिंगभाऊ थोरबोले... बोले... बोले!"

साहेब उठले आणि त्यांनी भाऊंच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास रे जयसिंग! स्वतःवर असं करून घ्यायला छाती लागती. आमच्यात कुणात हाय का? संकल्पना तुझीच म्हणायची?"

सगळी पेठ भाऊंकडे बघत होती. नाही म्हणावं, तर बायकोनं सगळ्यांसमोर उतरवली असं कबूल करावं लागतं. हो म्हणावं, तर स्वतःची स्वतः उतरवून घेतली. भाऊंनी फेटा सारखा केला.

"आपलीच, सायेब," ते म्हणाले.

"मग ह्यात काय बी बदलू नको. विसर्जनापातुर असंच वाजू दे. वॉर्डातल्या एकूण एक बाईनं ऐकलं पायजे. आन् वहिनींना मागं कशाला बसवलंय? पुढं घ्या त्यांना."

वहिनी पुढे आल्या. पदर डोक्यावर नव्हता.

पुढचं गावात सगळ्यांना ठाऊक आहे. तिकीट वहिनींनाच मिळालं, आणि निवडून आल्यावर त्या खुर्चीतच बसल्या. शिपायानं चहा आत आणून दिला. मला मात्र आठवते ती दुसऱ्या दिवशीची सकाळ. सात वाजता भाऊंचा फोन आला.

"ताई, तेवढी राजाची मिशी काढून टाका."

"आता कशी काढू? साहेबांनी फोटो काढून जिल्ह्यात पाठवलाय. मिशी गेली तर लोक विचारतील, कुठं गेली."

"जरा बारीक तरी करा की ओ!"

"भाऊ, बारीक करायचं नाही असं आपलं ठरलंय."

त्यांनी फोन ठेवला. मी आरतीला गेले. मंडपात एवढ्या सकाळी बायकांची रांग, राणी बोलतेय, मोबाइल उघडतायत. वहिनी आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. इतक्यात पांढऱ्या शर्टातला एक माणूस तोंडाला रुमाल लावून आत आला.

"कोण पायजे?" पोपटनं विचारलं.

माणसानं रुमाल काढला. अरे देवा! जयसिंगभाऊ. मिशी नाही! राजाच्या मिशीला हात लावता येईना, म्हणून गड्यानं स्वतःचीच उतरवून टाकली होती. मिशीखालची कातडी गोरी आणि कोवळी निघाली होती. राजाशी साम्य मात्र आता अजिबात राहिलं नव्हतं. रांगेतल्या बायकांनी एकदा राजाकडे बघितलं, एकदा भाऊंकडे, आणि सगळ्या एकदम गणपतीकडे बघू लागल्या.

वहिनींनी ताट माझ्या हातात दिलं. पदर तोंडात कोंबला, पण उपयोग झाला नाही. त्या खांबाला टेकून हसल्या, पोट धरून हसल्या, चष्मा काढून हसल्या, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. अरुणच्या खोलीत जे एक टिपूस आलं नव्हतं ते आता थांबेना.

"का रडतीयास?" भाऊ घाबरून म्हणाले.

वहिनींनी नुसता हात हलवला. तेवढ्यात त्यांच्या कमरेला खोचलेला फोन वाजला. भाऊंनी सवयीनं हात पुढे केला. वहिनींनी डोळे पुसले, फोन स्वतःच्या कानाला लावला आणि म्हणाल्या, "हां, मीच बोलतीय. बोला." पलीकडची बाई गटाराचं काहीतरी सांगत होती. वहिनींनी मान हलवत हलवत ऐकलं, मग फोनवर हात ठेवून नवऱ्याकडे वळल्या.

"अवो, पेन द्या जरा."

भाऊंनी खिशातलं पेन काढलं आणि दिलं. टोपण काढून.